टायगर १/१६ : अठ्ठेचाळीस चाकं आणि त्यांचा प्राइमर

मोठ्या मापाचं रणगाड्याचं किट घरी आलं की डबा उघडून आधी चाकांचे स्प्रू, म्हणजे सुटे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटी, बाहेर काढाव्यात. तोफ, बुरूज, वरची झाकणं यांच्याकडे नजर जातेच, पण ती कामं पुढची. चाकं गोल, एकसारखी आणि स्वच्छ निघाली असतील तर साचे करणाऱ्याने मनापासून काम केलंय असं समजायला हरकत नाही. मी सध्या टायगर-१ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्याचा सुरुवातीचा प्रकार १/१६ मापात करते आहे. चाकं जुळवून झाली, प्राइमर म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थरही बसला, आणि पुढच्या रंगकामाच्या गडबडीत बारकावे डोक्यातून जायच्या आत लिहून काढते. त्यामुळे हा अभिप्राय चाकांपुरता आणि प्राइमरपुरता आहे. बुरुजाला मी अजून हात लावलेला नाही.

किट पूर्व आशियातल्या एका कंपनीचं. नाव मुद्दाम देत नाही. खाली दोन तक्रारी येणार आहेत, आणि माझ्या वाट्याला आलेल्या एका डब्यावरून कंपनीवर शिक्का मारणं मला पटत नाही. शिवाय सुरुवातीच्या टायगरची चाकं कुणीही केली तरी त्यांची मांडणी तीच राहणार, म्हणजे पुढचं बरंचसं तुमच्या डब्यालाही लागू पडेल. किंमत मात्र सांगते: घरपोच तीस हजारांच्या वर. स्केल मॉडेल कस्टम्सच्या लेखी खेळण्यांतच मोडतं, आणि खेळण्यांवरची आयात ड्यूटी २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेली, २०२३ मध्ये ७० टक्के झाली. किटच्या किमतीवरून दुकानदाराशी वाद घालण्याआधी हा आकडा माहीत असावा. माझ्या विक्रेत्याने डबा दुहेरी खोक्यात, कोपऱ्यांना पुठ्ठा लावून पाठवला होता. एकही स्प्रू मोडलेला नव्हता.

मी दादरला दातांच्या लॅबमध्ये काम करते. कॅप, ब्रिज, कवळ्या. आमच्या कामात मिलिमीटरच्या दहाव्या भागाची चूक पेशंटला पहिल्याच घासाला कळते, त्यामुळे कुठल्याही दोन गोष्टी एकमेकींत कशा बसतात हे मी जरा कडकपणे बघते. किटबद्दल जे चांगलं लिहिते आहे ते त्या मापाने.

आधी टायगरच्या चाकांविषयी, कारण ते कळल्याशिवाय ही चाकं रंगवायचा क्रम कळणार नाही. खऱ्या गाडीचं वजन सुमारे ५७ टन. ते जमिनीवर सारखं पसरावं आणि खाचखळग्यांतून जाताना गाडी फार आदळू नये म्हणून प्रत्येक बाजूला आठ ॲक्सल दिले, प्रत्येक ॲक्सलला टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगसारखा धक्का झेलणारा दांडा, आणि सुरुवातीच्या प्रकारात प्रत्येक ॲक्सलवर तीन चाकं. एका ॲक्सलची चाकं जरा आत, शेजारच्याची जरा बाहेर, आणि सगळी एकमेकांच्या फटींत घुसलेली. एका बाजूला २४, दोन्ही मिळून ४८. पट्टा ओढणारं पुढचं दातेरी ड्राइव्ह स्प्रॉकेट आणि पट्टा ताणून धरणारं मागचं चाक, आयडलर, वेगळे. आत बसणाऱ्यांना या रचनेचा आराम होता, दुरुस्ती करणाऱ्यांचे हाल होते. आतलं एक चाक बदलायचं तर बाहेरची कितीतरी आधी उतरवावी लागत, आणि रशियाच्या हिवाळ्यात चाकांमध्ये अडकलेला चिखल रात्रीत गोठून बसे. रेल्वेने न्यायचं तर रुंदी आड येई, म्हणून बाहेरची चाकं काढून ७२५ मिलिमीटरच्या पट्ट्यांऐवजी ५२० चे अरुंद पट्टे चढवत. १९४४ च्या सुरुवातीला रबरी धावेची चाकं जाऊन पोलादी धावेची आली, ॲक्सलमागे दोनच. ज्यांना कमी मेहनतीत टायगर हवा आहे त्यांनी ते नंतरचं किट घ्यावं. मला मात्र सुरुवातीची, बशीसारखी खोलगट आणि कडेला जाड काळं रबर असलेली चाकंच हवी होती.

खरं चाक ८०० मिलिमीटर व्यासाचं. १६ ने भागलं की बरोबर ५०. टायर चढवून कॅलिपर लावला तर माप ५० च्या अगदी जवळ येतं, आणि उलटसुलट उचलून तपासलेली सगळी चाकं एकमेकांशी जुळतात. हेच चाक १/३५ मध्ये २३ मिलिमीटरचं होतं. एवढाच फरक वाटतो, पण पाच सेंटिमीटरच्या तबकडीवर हबभोवतीचा, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याभोवतीचा, प्रत्येक बोल्ट सुटा दिसतो, तबकडीचा खोलगटपणा बोटाला जाणवतो, आणि कानशीचा एक चुकीचा हातही लपत नाही. ४८ तबकड्यांच्या दोन्ही बाजू धरल्या तर रंगवायचं क्षेत्रफळ १,९०० चौरस सेंटिमीटरच्या घरात जातं, म्हणजे ए-फोरचे तीन कागद. प्राइमर मागवताना हा हिशेब डोक्यात ठेवा.

या किटमध्ये प्रत्येक चाक तीन तुकड्यांचं आहे: तबकडी, हब आणि वरून चढवायचा मऊ व्हिनाइलचा टायर. तबकडी आणि हब यांचा मेळ अप्रतिम आहे. हबच्या पाठीमागे एक छोटी चौकोनी जीभ आहे, ती तबकडीतल्या खाचेत एकाच प्रकारे बसते, त्यामुळे बोल्टांची रांग फिरत नाही. फटी भरायला पुट्टी लागली नाही. टामियाचा पातळ सिमेंट, म्हणजे प्लास्टिक जोडायचा द्रव, हिरव्या झाकणाचा, ब्रशच्या टोकाने सांध्याला नुसता टेकवला की आपोआप आत ओढला जातो आणि दोन्ही प्लास्टिकं किंचित विरघळून एक होतात. जास्त लावायची गरजच पडत नाही. एवढ्या संख्येने तेच काम करताना असा मेळ असणं म्हणजे काय, ते ज्याने वाकड्या किटशी मारामारी केली आहे त्यालाच कळेल.

स्प्रूपासून तुकडे सुटे करताना कटर प्लास्टिकपासून थोडा लांब ठेवा, उरलेली गाठ पात्याने काढा आणि मग ४०० चा वॉटर पेपर फिरवा. माझ्याकडे लॅबचा मायक्रोमोटर आहे, त्याला लावायच्या बरचा, म्हणजे घासायच्या टोकांचा, पेला भरलेला आहे, पण इथे तो चालत नाही. किटचं प्लास्टिक, पॉलिस्टायरिन, लगेच तापतं, वितळून बरला चिकटतं आणि कडेवर खाच पडते. गोल कडेवरची साच्याची शिवण काढायला मी लांब बोल्ट आणि दोन नटांमध्ये तबकडी धरते, बोल्ट सावकाश फिरणाऱ्या कॉर्डलेस स्क्रू ड्रायव्हरमध्ये अडकवते आणि ओला वॉटर पेपर कडेला धरते. कड चारी बाजूंनी सारखी झिजते, कुठेही सपाट होत नाही. बोल्ट, नट, वॉटर पेपर हे सगळं मशीद बंदरजवळ नागदेवी स्ट्रीटला मिळतं, आणि तिथे १००० आणि १५०० चा पेपर सुटा मागितला तरी देतात. हॉबीच्या नावाने पाकिटात येणारा तोच कागद कितीतरी महाग पडतो.

आता तक्रारी. पहिली तबकडीच्या आतल्या बाजूची. साच्यातून तुकडा ढकलणाऱ्या पिनांचे गोल ठसे तिथे उमटलेत, आणि काही तबकड्यांना हबच्या मागे प्लास्टिक आकसून हलका खड्डा पडलाय. इतक्या किमतीच्या किटमध्ये हे नसायला हवं होतं. पण सगळे खड्डे भरत बसू नका. तबकड्या एका सपाट ट्रेमध्ये पसरून दिव्याच्या तिरप्या उजेडात बघा आणि प्रतवारी करा. सगळ्यात बाहेरच्या ओळीची चाकं पूर्ण दिसतात, त्यांच्यासाठी निर्दोष तबकड्या राखा. मधल्या ओळींची जेमतेम कड दिसते. अगदी आतली हलपाशी, म्हणजे रणगाड्याच्या धडापाशी, अंधारात असतात, जास्तीत जास्त खड्डेवाल्या तबकड्या तिकडे द्या. मग भरायला थोड्याच उरतात. टायगरच्या रचनेचा बांधणाऱ्याला झालेला हा एक फायदा.

दुसरी तक्रार मोठी आहे आणि ती सूचनापत्रिकेबद्दल आहे. पत्रिका सांगते की आठही ॲक्सलवर सगळी चाकं चढवा, पट्टा घाला, पुढे चला. रंगाचा उल्लेख शेवटच्या पानावर. हा क्रम टायगरला चालणारच नाही. एकदा चाकं एकमेकांत घुसली की आतल्या तबकडीपर्यंत ना एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) पोहोचतो ना ब्रश, आणि कडेच्या फटीतून उघडं प्लास्टिक चमकत राहतं. पहिल्यांदाच मोठं किट घेणारा माणूस पत्रिकेवर विश्वास ठेवून चालतो. त्याच्या तीस हजारांची जबाबदारी पत्रिका लिहिणाऱ्यावर असते. म्हणून ठळकपणे सांगते: तबकडी आणि हब चिकटवा, तिथे थांबा, सगळी चाकं सुटीच प्राइम करा, सुटीच रंगवा, टायर चढवा, आणि मग आतून बाहेर या क्रमाने ॲक्सलवर घाला. आतल्या ओळीमागची हलची बाजूही त्याआधी रंगवून घ्या.

चाकं चढवायच्या आधी ॲक्सलचे आर्म, म्हणजे हलला ॲक्सल जोडणारे दांडे, सरळ रेषेत आहेत का ते बघायलाच हवं. या किटचे आर्म हलतात, आत स्प्रिंग आहे. हल टेबलावर ठेवून आठही ॲक्सलच्या टोकांवर लोखंडी पट्टी आडवी धरा. पट्टीखालून कुठे उजेड दिसला तर तो आर्म खोबणीत पूर्ण बसलेला नाही. माझ्या डब्यात ते नीट बसले, फक्त खोबणीतले प्लास्टिकचे बारीक केस पात्याने खरवडावे लागले. एक आर्म अर्ध्या मिलिमीटरने जरी आत-बाहेर राहिला तरी त्याचं चाक शेजारच्याला घासतं आणि रंग खरवडला जातो.

प्राइमरआधी सगळे तुकडे कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने धुवा. साच्यातून सुटावं म्हणून वापरलेलं तेलकट द्रव्य वर राहिलेलं असतं आणि त्यावर प्राइमर धरत नाही. धुतल्यावर तबकडीला कडेनेच धरायचं. ॲक्सलचं भोक बंद करायला मी आमच्या लॅबचं गुलाबी मॉडेलिंग वॅक्स वापरलं. चिमूटभर वॅक्स बोटांच्या उबेने मऊ करून भोकात दाबायचं आणि वर आलेलं पात्याने सपाट कापायचं. रंग आत जात नाही आणि नंतर चाक ॲक्सलवर पूर्वीइतकंच हलकं फिरतं. वॅक्स तबकडीच्या चेहऱ्याला लागू देऊ नका, तिथे प्राइमर धरणार नाही. बाहेरच्या दुकानातून आणायचं तर मेणबत्तीचं मेण घेऊ नका, ते ठिसूळ असतं आणि तुकडे पडतात.

मग प्रत्येक चाक बांबूच्या काडीवर. काड्या खोचायला थर्माकोल घेऊ नका. तोही पॉलिस्टायरिनच, लॅकरचा (तीव्र सॉल्व्हंटच्या रंगाचा) फवारा लागला की खड्डे पडून काड्या कलंडतात. मी डेंटल प्लास्टरचे ठोकळे ओतले, प्लास्टर ओलं असतानाच भोकं पाडली. ठोकळा जड असतो, वाऱ्याने हलत नाही. वाळूने भरलेला पत्र्याचा डबाही तेवढंच काम करतो.

आता प्राइमर. अगदी आतल्या ओळीची चाकं पुढे कुणालाच दिसणार नसल्यामुळे त्यांच्यावर वेगवेगळे प्राइमर मारून बघायची चांगली सोय झाली. किट हाताशी असेल तर तुम्हीही हेच करा, दुसऱ्याच्या अभिप्रायावर विसंबू नका, माझ्याही नाही. मुंबईतल्या तुमच्या खोलीची हवा माझ्यापेक्षा वेगळी असू शकते.

गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला राखाडी स्प्रे मी चाकावर न मारता स्प्रूच्या तुकड्यावर मारला. त्यातला सॉल्व्हंट लोखंडाच्या हिशेबाने ठेवलेला असतो, प्लास्टिकचा वरचा थर चिकट झाला आणि नंतर बारीक सुरकुत्या धरल्या. तो विषय तिथेच संपला. पाण्याचा, पॉलियुरेथेन ॲक्रिलिक जातीचा प्राइमर एअरब्रशने मारला. वास जवळजवळ नाही, घरात लहान मूल असेल तर हाच घ्यावा असं मी म्हणेन. पण आपल्या दमट हवेत तो पक्का व्हायला फार वेळ घेतो. वरून कोरडा वाटतो, आणि दुसऱ्या दिवशी वॉटर पेपर लावला की पातळ साय निघावी तसा सोलून येतो. चांगला आठवडा थांबायची तयारी असेल आणि घासायचं नसेल तर चालेल. माझ्या तबकड्यांच्या कडा घासाव्या लागणार होत्या, म्हणून मला नाही चालला.

टामियाचा फाइन सरफेस प्राइमर, १८० मिलिलिटरचा डबा, हातात एअरब्रश नसेल त्याने डोळे मिटून घ्यावा. बारीक फवारा, प्लास्टिकला घट्ट धरतो, बोल्टांची धार बुजत नाही. वापरायच्या आधी डबा कोमट पाण्यात थोडा वेळ उभा ठेवा, आतला दाब वाढतो आणि थेंब आणखी बारीक होतात. कोमट म्हणजे हाताला सोसेल तेवढंच. गॅसवर डबा तापवायचा विचारही करू नका. ज्वालाग्राही म्हणून असे डबे विमानाच्या कुरिअरने येत नाहीत, दुकानात दिसला की दोन उचलून ठेवावेत.

शेवटी माझी निवड जपानच्याच जीएसआय क्रिओसचा मिस्टर सरफेसर १५००, राखाडी. बाटलीतला, एअरब्रशने. त्याच कंपनीच्या लेव्हलिंग थिनरमध्ये एकास दीड ते दोन असा पातळ केला, ०.३ चं नोझल, दाब १५ पीएसआयच्या आसपास. या लेव्हलिंग थिनरमध्ये वाळण्याचा वेग कमी करणारं द्रव्य असतं आणि मुंबईत सगळा फरक तिथेच पडतो. साधं लॅकर थिनर झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि प्राइमरवर पांढरट धुरी येते. पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असताना ही धुरी हमखास येते. सावकाश वाळणारा थर मात्र स्वतःला सपाट करून घेतो. माझ्या चाकांवर हा प्राइमर अंड्याच्या कवचापेक्षाही गुळगुळीत बसला, बोल्ट जसेच्या तसे, आणि १५०० चा पेपर फिरवल्यावर पूड निघाली, साल निघाली नाही. अर्ध्या-पाऊण तासात हात लावता येतो. मी तरी दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावत नाही.

खोलगट तबकडीवर फवारा समोरून सरळ मारला तर हवा मध्यावर आपटून परत फिरते, कण वाटेतच सुकतात आणि हबभोवती रवाळ कडं तयार होतं. तेच जर काडी बोटांत सावकाश फिरवत, नोझल तिरपं धरून, आधी हबच्या मुळाशी आणि मग बाहेर कडेकडे असा हात नेला तर तिथेही ओला आणि सारखा थर बसतो. पहिला हात अगदी विरळ, खालचं प्लास्टिक दिसेल इतका. दहा मिनिटांनी दुसरा. तबकडीची कड शेवटी, कारण जाड थर आधी तिथेच साठतो.

खऱ्या जर्मन गाड्यांना कारखान्यात तांबूस ऑक्साइडचा प्राइमर असायचा, आरएएल ८०१२. म्हणून अनेक जण मॉडेललाही तोच देतात. खरवडलेल्या जागी तो छान दिसतो. पण धुळकट पिवळा रंग वर बसवायचा असेल तर राखाडीवर तो स्वच्छ येतो, आणि चाकावरचे ओरखडे आणि खड्डेही राखाडीवरच नीट दिसतात. मी राखाडी मारून, तपासून, मग बाहेरच्या ओळीच्या कडांना तांबूस हात दिला.

फवारणीची जागा हा मुंबईत वेगळा विषय आहे. मी लालबागला राहते, घर दोन खोल्यांचं, म्हणून लॅकर मारायला इमारतीची गच्ची. एप्रिल-मेमध्ये खाली मसाल्याचे डंक दिवसभर चालू असतात, तिखटाची लाल धूळ गच्चीपर्यंत येते आणि ओल्या प्राइमरवर सरळ बसते. त्यात वाळवणाचे दिवस. शेजारच्या काकूंचे पापड पसरलेले होते, मला काड्या घेऊन चढताना बघून त्या म्हणाल्या, "अगं, आज राहू दे तुझा फवारा. दुपारी चारला मी हे सगळं उचलते, मग गच्ची तुझीच." मी म्हटलं, "काकू, मी उद्या सकाळीच करते, तुम्ही पसरायच्या आधी." आणि तीच वेळ खरं तर उत्तम निघाली. सकाळी सातच्या सुमाराला डंक बंद असतात, वारा पडलेला असतो. एक मोठं खोकं आडवं ठेवून त्याच्या आत फवारायचं, म्हणजे उडालेला रंग खोक्यातच राहतो आणि कुणाच्या कपड्यांवर जात नाही. मारून झालं की ठोकळे लगेच झाकणाच्या डब्यात.

तोंडाला साधा धुळीचा मास्क बांधून लॅकर मारू नका. एन-९५ धूळ अडवतो, सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेची कार्ट्रिज असलेला अर्ध्या चेहऱ्याचा मास्क घ्या. लॅबमध्ये मोनोमरच्या, म्हणजे कवळ्यांच्या ॲक्रिलिकमध्ये मिसळायच्या द्रवाच्या, वासात वर्षं काढलेल्या माणसांचा खोकला मी रोज ऐकते, म्हणून हे सांगते आहे. किटच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

टायर चढवण्याबद्दल. मऊ व्हिनाइलला प्राइमर धरत नाही, धरला तरी टायर ताणताना तडकतो, त्यामुळे टायर प्राइमरनंतर आणि रंगानंतरच. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. मऊ व्हिनाइलमध्ये जे तेलकट द्रव्य असतं ते वर्षानुवर्षं उघड्या पॉलिस्टायरिनला टेकून राहिलं तर प्लास्टिक हळूहळू खातं. जुन्या किटांची रबरी पट्ट्याखालची चाकं वितळलेली दिसतात ती यामुळेच, आणि आपल्या उकाड्यात ते लवकर होतं. टायर जिथे बसतो त्या कडेवर म्हणूनच प्राइमरचा थर पूर्ण हवा. दिसत नाही म्हणून ती जागा सोडू नका.

टायरच्या मधोमध साच्याची शिवण आहे. व्हिनाइल पात्याने तासता येत नाही, फाटतं. चाक स्क्रू ड्रायव्हरमध्ये फिरवून २२० चा जाड पेपर धरला की शिवणही जाते आणि काळी चमकही. अहमदनगरला, आता अहिल्यानगर, चिलखती दलाचं रणगाडा संग्रहालय आहे, १९९४ पासून. तिथे सेंच्युरियनच्या चाकांजवळ बसून मी रबर नीट बघितलंय: पट्ट्यावर टेकणारा भाग करडा आणि खरखरीत, कडेला छोटे टवके उडालेले, आणि बाजूच्या भिंतीवर मात्र जुना काळेपणा शिल्लक. रणगाडा वेगळा, रबराची झीज तीच. २२० च्या पेपराने व्हिनाइल अगदी तसं करडं होतं, वर रंगही द्यावा लागत नाही. कडेचे टवके टोकदार पात्याने, बाहेरच्या ओळीच्या मोजक्याच चाकांवर घेतले.

धातूची चाकं वेगळी विकत घ्यावीत का, असं बरेच जण विचारतात. रिमोटवर चालवायचा असेल आणि वजन खाली हवं असेल तर घ्या. कपाटात ठेवायचा असेल तर या किटची प्लास्टिकची चाकं पुरेशी चांगली आहेत, त्या पैशांत एअरब्रशचं चांगलं नोझल आणि मास्क येईल. चाकांच्या मेळाला मी पाचपैकी पाच देईन, तबकडीच्या आतल्या बाजूला तीन, सूचनापत्रिकेला एक. मिस्टर सरफेसर १५०० आणि लेव्हलिंग थिनर या जोडीला पुन्हा पाच.

घ्यायचंच ठरलं असेल तर गणपती झाले की किट मागवा. कस्टम्समधून सुटून हातात येईपर्यंत दिवाळी उजाडते, तबकड्या सुट्या करून, घासून, धुऊन तयार होईपर्यंत डिसेंबर, आणि मुंबईत लॅकर मारायला डिसेंबर-जानेवारीइतकी कोरडी हवा पुन्हा मिळत नाही. थिनरच्या दोन बाटल्या मात्र आधीच घेऊन ठेवा, अर्धी बाटली तर एअरब्रश धुण्यातच जाते.